कोणाच्या वतीने

कार्यालयाच्या कागदांवर तिचा हुद्दा 'समन्वय अधिकारी, बाह्य संस्था' असा होता. एवढं सगळं एका दमात म्हणणारा माणूस अग्निशमन दलात सापडणं कठीण, म्हणून सगळे तिला पाहुणेबाई म्हणायचे. शहरात कुठे मोठी आग लागली, काही कोसळलं, कुठे गळती झाली की अग्निशमन दल धावायचंच. पण त्यांच्या पाठोपाठ वीज कंपनीची माणसं, पाणी खात्याची माणसं, क्रेनवाले, डॉक्टर, कोणी खरे तज्ज्ञ आणि कोणी स्वतःला तज्ज्ञ समजणारे, असे सगळे येऊन थडकायचे. हे पाहुणे, आणि त्यांची उठबस करणारी ती पाहुणेबाई.

एरवी ती आवक-जावक विभागात बसायची. एकोणीस वर्षांत तिच्या हातून एक कागद गहाळ झाला नव्हता आणि याच गुणापायी ती या कामात अडकली. त्याचं असं झालं, की बाजारातली एक इमारत खचली तेव्हा सात खात्यांची माणसं आली आणि सातही जणांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. दोन क्रेन एकाच गल्लीत दोन टोकांनी शिरल्या आणि नाकाला नाक लावून अडकल्या. इमारतींमधला एक जाणकार गृहस्थ सहा तास रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याला कोणी काही विचारलंच नाही, तेव्हा तो बिचारा घरी जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाचे प्रमुख कार्यालयात येऊन तणतणले, "आग मी विझवतो हो, पण ही वऱ्हाडी मंडळी मला आवरत नाहीत. मला एक माणूस द्या, जो ह्यांच्याकडेच बघेल." कार्यालयातल्या साहेबांनी मान वर केली तर समोर ही, हातात फाईल घेऊन उभी. झालं.

तेव्हापासून तिच्याकडे एक घडीचं टेबल, दोन खुर्च्या, रंगीत जाकिटांची पिशवी, एक शिट्टी आणि एक जाडजूड नोंदवही असायची. नोंदवहीत रकाने होते. नाव. कोणाच्या वतीने आलात. काय येतं. सोबत काय आणलंय. किती वाजेपर्यंत थांबणार. आणि सर्वांत महत्त्वाचा, तिने स्वतः वाढवलेला रकाना, फोन न करता 'हो' म्हणू शकता का. 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणणाऱ्या माणसाला ती गोड आवाजात सांगायची, "मग साहेबांनाच पाठवा ना, तुम्ही कशाला उन्हात?" भल्याभल्यांची तोंडं तिथे उतरायची. तिच्या नवऱ्याला ही सगळी वही तोंडपाठ झाली होती. "माझी बहीण दारात आली ना," तो म्हणायचा, "तर हिचा पहिला प्रश्न असेल, वन्सं, कोणाच्या वतीने?"

"तुमच्या बहिणीला विचारायलाच हवं," ती म्हणायची. "सोबत काय आणलंय तेसुद्धा."

तर अशी ही पाहुणेबाई. रकाना रिकामा राहिला की तिच्या जिवाला चैन पडायची नाही, आणि ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, त्या दिवशी नेमकं हेच तिला भोवणार होतं.

सकाळी साडेनऊला फोन आला. शहराबाहेर पशुखाद्याचा कारखाना होता. तिथे मका साठवायची पत्र्याची उंच टाकी होती, चार मजली घराएवढी. आतला मका ओल धरून वर घट्ट बसला होता, म्हणून एक कामगार तो मोकळा करायला वरून आत उतरला. वरचा थर दिसायला जमिनीसारखा, खालून पोकळ. तो थर फुटला आणि माणूस छातीपर्यंत मक्यात गेला. वर उभ्या असलेल्या जोडीदाराने ओरडून खालचं, मका ओढून घेणारं यंत्र बंद करवलं म्हणून, नाहीतर तो तळाशीच ओढला गेला असता. मक्यात रुतलेल्या माणसाला ओढून काढता येत नाही. दोरी लावून चार जणांनी जोर केला तर दोरीच्या आधी माणूस तुटेल, इतकी पकड असते दाण्यांची. श्वास सोडला की दाणे आत सरकतात आणि पुढचा श्वास थोडा लहान होतो.

पाहुणेबाईने फाटकाजवळच्या पत्र्याच्या सावलीत टेबल मांडलं. अग्निशमन दलाची माणसं शिडीने वर चढली, आत उतरली, कामगाराच्या काखेतून पट्टा घालून त्याला निदान आणखी खाली जाऊ देईनात. इकडे पाहुणे येऊ लागले. वीज कंपनीचा अधिकारी आला. बाईने विचारलं, "यंत्राची वीज तोडलीत?" तो म्हणाला, "तोडली. कुलूपही लावलं." "किल्ली?" "खिशात." "खिशात नको, इथे टेबलावर," ती म्हणाली, आणि किल्ली टेबलाच्या कडेच्या खिळ्याला अडकवली. डॉक्टर आली, तिला हिरवं जाकीट. कारखान्याचा इंजिनिअर आला, लॅपटॉप आणि नकाशांची गुंडाळी घेऊन, त्याला पिवळं. इंजिनिअर तरुण होता, नीटनेटका होता, आणि घाबरला होता. घाबरलेली माणसं जास्त बोलतात, तसा तो बोलत होता.

आणि कामगाराची बायको आली. खरं तर घरच्या माणसांची जागा गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीच्या पलीकडे, लांब. पण तिला तिकडे जा म्हणायला बाईची जीभ रेटेना. तिने दुसरी खुर्ची पुढे केली. बायको बसली, फोन कानाला लावला, नवऱ्याचा नंबर फिरवला. वाजत राहिला. परत फिरवला.

तेवढ्यात क्रेनवाला येऊन भोंगा वाजवायला लागला, वॉकीटॉकी खरखरली आणि टेबलासमोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. सत्तरीचा असेल. अंगात विटका शर्ट, हातात कापडी पिशवी, आत लोखंड खणखणत होतं. एक गाल गुळगुळीत दाढी केलेला, दुसऱ्यावर पांढरे खुंट आणि वाळलेला साबण. दाढी अर्धी टाकून धावत आला असावा.

"नाव राहू दे. कोणाच्या वतीने आलात?" बाईने वहीतून मान वर न करता विचारलं.

"कोणाच्या नाही. मी आपला आलो."

"कारखान्याचे का?"

"होतो. अकरा वर्षांपूर्वी घरी बसवलं."

"हे आमच्यातले नाहीत," इंजिनिअर बाजूने म्हणाला. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलंही नव्हतं.

"बाई, ती टाकी..." म्हाताऱ्याने सुरुवात केली. क्रेनवाल्याने पुन्हा भोंगा वाजवला.

"काका," पाहुणेबाई म्हणाली, "तुम्ही दोरीच्या पलीकडे थांबा. गरज लागली तर बोलावते."

गरज लागली तर बोलावते, या वाक्याचा अर्थ आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हाताऱ्यालाही होता. त्याने पिशवी उचलली आणि तो गेला. बाईने रिकामा रकाना भरलाच नाही, ओळच लिहिली नाही. आता ती 'काय येतं' हे आधी विचारते आणि 'कोणाच्या वतीने' सर्वांत शेवटी, पण ही अक्कल यायला त्या दिवसाचं मोल द्यावं लागलं.

वर काम अडलं होतं. अग्निशमन दलाच्या माणसांनी कामगाराभोवती पत्र्याच्या लांब फळ्या मक्यात खुपसून कडं केलं, आतला मका बादल्यांनी उपसायला घेतला. पण बाजूचा डोंगर उंच होता. एक बादली काढावी तर फटींतून दोन आत यायच्या. बाजूच्या मक्याची पातळी खाली आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि ती आणायची तर टाकीला खालून भोकं पाडायला हवी होती. प्रमुख टेबलापाशी आले. इंजिनिअरने नकाशा पसरला.

"इथे कापा," तो म्हणाला. "पाणी मारत कापा म्हणजे ठिणगी पडणार नाही."

"मक्याची धूळ किती भरलीय आत, बघितलीत? एक ठिणगी चुकली तर सगळे उडू," प्रमुख म्हणाले. "आणि इथे कापल्यावर टाकी तोलून राहील?"

"नकाशाप्रमाणे राहायला हवी."

"राहायला हवी?"

इंजिनिअर पुन्हा नकाशावर वाकला. प्रमुखांनी बाईकडे पाहिलं. "बाई, ह्या टाकीची माहिती असलेलं आणखी कोणी आहे तुमच्या वहीत?"

"नाही, साहेब," बाईने सांगितलं. ते खरंच होतं. वहीत कोणी नव्हतं.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर वरून आवाज आला. "साहेब, हा माणूस सारखा एकच म्हणतोय. बोल्टमामांना बोलवा, म्हणतोय. ही टाकी त्यांनी उभी केलीय. थांबून थांबून बोलतोय, साहेब. दम लागतोय त्याला."

"कोण बोल्टमामा?" प्रमुखांनी चौफेर विचारलं.

कामगाराच्या बायकोने फोन कानावरून खाली घेतला. "मघाशी आले होते ना, ताई. तुमच्यासमोरच उभे होते, एका गालाला साबण होता. मला वाटलं, तुम्ही त्यांना आत पाठवलंत."

पाहुणेबाईने हातातलं पेन खाली ठेवलं. तिने घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती. एकोणीस वर्षांत कागद हरवला नव्हता आणि आज तिने अख्खा माणूस हरवला होता. "आणते," एवढंच ती म्हणाली आणि टेबल, वही, किल्ली सगळं वीज अधिकाऱ्याच्या हवाली करून पळत सुटली.

दोरीपलीकडच्या गर्दीत म्हातारा नव्हता. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत चेहरे पाहिले, शिट्टी वाजवली, "बोल्टमामा, बोल्टमामा" अशा हाका मारल्या. वेडीकडे बघावं तसे लोक तिच्याकडे बघू लागले. एकाने सांगितलं, पिशवीवाला ना, तो रस्ता ओलांडून गेला. बसथांबा तिकडेच होता आणि एक बस नुकतीच सुटून वळणावर दिसेनाशी होत होती. बाईला रडूच फुटायचं बाकी होतं. तो बसमध्ये असेल तर काय करायचं, हा विचार करायचीसुद्धा तिला भीती वाटली. थांब्यामागे तीन दुकानं होती. टायरवाल्याकडे नाही. किराणावाल्याकडे नाही. तिसरं न्हाव्याचं दुकान होतं.

म्हातारा खुर्चीत बसला होता, गळ्याभोवती पांढरं कापड, दुसऱ्या गालाला फेस. पायाशी पिशवी. तो आरशात बघत होता, पण स्वतःला बघत नव्हता. आरशात कारखान्याचं फाटक दिसत होतं आणि त्यामागे ती टाकी.

"मामा," बाई दारातच धापा टाकत म्हणाली, "माझं चुकलं. चला."

"गरज लागली का?" म्हाताऱ्याने आरशातूनच विचारलं. आवाजात राग होता, आणि तो का नसावा?

"गरज पहिल्यापासून होती. मलाच कळली नाही. तो तुमचंच नाव घेतोय वर."

म्हाताऱ्याने फेस कापडाला पुसला. "तो माझ्या हाताखाली शिकलाय," तो उठत म्हणाला. "इथून टाकी दिसते, म्हणून इथे बसलो. घरी जाववेना." मग त्याने गुडघा चोळला आणि पिशवीकडे पाहिलं. बाईने पिशवी उचलली. तिच्या खांद्यातून कळ गेली, पण तिने ती काही खाली ठेवली नाही.

फाटकात इंजिनिअर आडवा आला. म्हाताऱ्याची त्याला अडचण नव्हती, अडचण होती उद्याची. "ह्यांना आत सोडायचं तर जबाबदारी कोणाची? हे नेमके कोणाच्या वतीने येतायत?"

पाहुणेबाईने वही ओढली. नियमांच्या पुस्तकात ह्याचं उत्तर तिसऱ्याच पानावर लिहिलेलं होतं आणि ते पान तिने स्वतः प्लास्टिकमध्ये घालून घेतलं होतं. तज्ज्ञाला संस्था असलीच पाहिजे असं नाही. त्याचं ज्ञान लागतं. तो प्रमुखाला सल्ला देतो, निर्णय प्रमुख घेतात. दर वर्षी नव्या लोकांना ती हे वाचून दाखवायची, आणि आज सकाळी स्वतःच विसरली होती. तिने लिहिलं: बोल्टमामा. अग्निशमन दलाच्या प्रमुखांच्या वतीने. काय येतं: ही टाकी.

मग ती इंजिनिअरकडे वळली. "आता तुमचं. टाकी कशी उभी आहे, हे मी तुम्हाला विचारत नाही. ते मामा सांगतील. तुम्ही मालकांच्या वतीने आला आहात. टाकी उघडली, मका जमिनीवर आला, तर मालकांची हरकत आहे का? फोन न करता सांगा."

इंजिनिअरचा हात खिशाकडे गेला आणि थांबला. त्याने कामगाराच्या बायकोकडे पाहिलं, जी दोन्ही हातांत फोन धरून बसली होती. "हरकत नाही," तो म्हणाला. "लिहा. माझ्या सहीने." त्या एका सहीपुरता तो मुलगा एकदम मोठा झाला.

बोल्टमामा प्रमुखांसमोर उभा राहिला. "कापायचं नाही," तो म्हणाला. "दोन झाकणं आहेत, समोरासमोर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. टाकी उभी करताना मीच बसवून घेतली, आत साफसफाईला. नकाशा आधी काढलेला, झाकणं नंतर सुचलेली. मग कोणीतरी सगळ्यावरून रंग फासला. बोल्ट खोलले की काम झालं. ठिणगीचा प्रश्नच नाही."

"टाकी कलंडणार नाही?"

"दोन्ही बाजूंनी सारखा मका सांडला तर नाही. एका बाजूने जास्त गेला तर बसेल खाली मटकन. दोन्ही झाकणं बरोबर उघडायची, बरोबर थांबवायची. मी हाक देतो."

प्रमुखांनी तीन सेकंद विचार केला. "करा," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने पिशवीतून पितळी पाना काढला आणि पत्र्यावर ठोकत टाकीला फेरी मारली. ठण, ठण, ठण, आणि मग एके ठिकाणी बद्द. "इथे." रंग खरवडला तर खाली बोल्टांची डोकी, ओळीने. पलीकडच्या बाजूलाही तशीच. अग्निशमन दलाच्या चौघांनी तेल सोडलं, पाने लावले. पाहुणेबाईला मात्र तिथे थांबता येणार नव्हतं. तिचं काम टेबलावर. ती परत येऊन बसली, किल्ली मोजल्यासारखी हाताने चाचपून पाहिली आणि शेजारच्या बाईचा हात धरला. कोणी कोणाचा हात धरला होता, हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

तिथून काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. म्हाताऱ्याचा आवाज, "सोड... सोड... थांब! पलीकडे किती? अजून चार बोटं. आता दोघंही." आणि मग मका पडायचा आवाज, आधी चुरचुर, मग धो धो. थांबायचा. पुन्हा सुरू व्हायचा. दर वेळी तो थांबला की बायकोची नखं पाहुणेबाईच्या तळहातात रुतायची. वॉकीटॉकीवर वरचा माणूस सांगत होता. "छाती मोकळी झाली." बऱ्याच वेळाने, "कंबर." डॉक्टरने स्ट्रेचर पुढे आणायला लावलं. "मांड्या दिसतायत, साहेब. बोलतोय नीट." मग बराच वेळ काहीच नाही. पाहुणेबाईने देवाला काय काय कबूल केलं, ते तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

"निघाला," वॉकीटॉकी म्हणाली. "साहेब, निघाला! दोन्ही पाय हलवतोय."

सगळ्या आवारातून एकच आवाज उठला. क्रेनवाल्याने, ज्याच्या क्रेनचा दिवसभरात काहीही उपयोग झाला नव्हता, भोंगा वाजवला तो थांबवेचना, आणि या वेळी बाईने त्याला थांबवलंही नाही. इंजिनिअर नकाशावरच डोकं टेकून बसला. वीज अधिकारी विनाकारण सगळ्यांना पाणी वाटत सुटला.

स्ट्रेचर खाली आलं. कामगाराच्या केसांत, कानांत, शर्टात मक्याचे दाणे. चेहरा धुळीने पिवळा. बायको धावत गेली आणि त्याच्यावर खेकसली, "फोन का उचलत नव्हतास? सव्वीस वेळा केला मी!"

"मक्यात हात होते गं," तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला.

डॉक्टर हसली, स्ट्रेचर धरणारे हसले, बायकोही हसली आणि हसता हसता तिने तोंडात पदर कोंबला. डॉक्टरने सांगितलं, पाय सुन्न आहेत, दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल, पण माणूस ठणठणीत आहे.

रुग्णवाहिकेचं दार उघडलं तेव्हा पाहुणेबाई पुढे झाली. हे न सांगता ती घरी जाऊ शकली असती. कोणी विचारलं नव्हतं, वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं. पण शेजारच्या खुर्चीत बसून त्या बाईने तिच्यावर भरवसा ठेवला होता, तो तसाच घेऊन जाणं तिला जमेना.

"मी मामांना आत पाठवलं नव्हतं," ती म्हणाली. "परत पाठवलं होतं. चाळीस मिनिटं माझ्यामुळे गेली."

कामगाराची बायको एक पाय रुग्णवाहिकेच्या पायरीवर ठेवून थांबली. "माहीत आहे, ताई," ती म्हणाली. "तुम्ही पळालात तेव्हाच कळलं." "तो गेला असता ना, तर तुमचं तोंड मी जन्मात पाहिलं नसतं. आता आहे तो. आता मला रागवायला वेळ नाही." आणि ती आत चढली, दार लागलं, गाडी गेली.

पाहुणेबाई टेबलाशी येऊन बसली. बोल्टमामा दुसऱ्या खुर्चीत बसला, पाने एकेक करून पुसायला लागला. आता सगळं सुखरूप पार पडलं होतं, रडायचं काही कारण नव्हतं, आणि बाई तोंड झाकून हमसून हमसून रडायला लागली. किती हलकं वाटत होतं तिला!

"रडा, बाई," म्हातारा पाना पुसत म्हणाला. "मी पण घरी जाऊन रडणार आहे."